उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि जिल्ह्याची वेबसाइट : पान वाचून काम होतं का?

गावात सरकारी वेबसाइट सहसा दोघं मिळून वाचतात. एक सेवा केंद्राचा चालक किंवा घरातला कॉलेजात जाणारा पोरगा. दुसरा ज्याचं काम अडलंय तो : पीककर्जासाठी निघालेला कास्तकार, निराधार योजनेतली म्हातारी बाई, शिष्यवृत्तीसाठी दाखला लागणारी मुलगी. पहिला पडद्यावरचं मोठ्यानं वाचतो आणि दुसरा ते ऐकून उद्या तहसीलीत काय काय न्यायचं हे ठरवतो. म्हणून या परीक्षणात रंगसंगती, फोटो, सरकते बॅनर यांना गुण दिलेले नाहीत. पाहिलं ते एवढंच, की पान वाचून निघालेला माणूस एका चकरेत काम उरकून येतो का. एटापल्ली किंवा धारणीसारख्या दूरच्या तालुक्यात वाया गेलेली चक्कर म्हणजे बुडालेली मजुरी, वरून एसटीचं भाडं.

तीन ठिकाणं घेतली आहेत : ‘आपले सरकार’ पोर्टलवरचा उत्पन्नाचा दाखला, भूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवरचा सातबारा आणि जिल्हा प्रशासनाची वेबसाइट. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांत या तिन्हींशी लोकांचा रोजचा संबंध येतो.

आपले सरकार : माहिती आहे, मांडणी उलटी आहे

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे प्रत्येक सेवेपुढे किती दिवसांत मिळणार, कोणता अधिकारी देणार आणि नाही दिली तर अपील कोणाकडे, हे तक्त्यात लिहिलेलं आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. सरकारी वेबसाइटवर ‘लवकरात लवकर’ न लिहिता आकडा लिहिलेला असणं ही मोठी गोष्ट आहे आणि हा तक्ता पहिल्या पानावरून कोणी हलवू नये. सेवा निवडली की कागदपत्रांची यादी अर्ज भरण्याआधी समोर येते, हेही बरोबर आहे.

पण त्या सेवेपर्यंत पोचणंच अवघड. पोर्टलवर तिचं नाव ‘मिळकतीचे प्रमाणपत्र’ असं आहे. गावात मिळकत म्हणजे घर, प्लॉट, वावर. ‘उत्पन्नाचा दाखला’ शोधणारा माणूस ती ओळ वाचूनही पुढे जातो. आधी विभाग, मग उपविभाग आणि मग सेवा, अशी रचना असल्यामुळे हा दाखला महसूल विभागाचा आहे हे आधीच माहीत असावं लागतं. केंद्र चालकाला ते पाठ असतं. घरून मोबाइलवर पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या मुलीला नसतं. यावर उपाय दोन शब्दांचा आहे : सेवेच्या नावात लोकांचं नाव आधी आणि कायद्यातलं नाव नंतर. ‘उत्पन्नाचा दाखला (मिळकतीचे प्रमाणपत्र)’ असं लिहिलं की शोधातही सापडतं आणि वाचतानाही कळतं.

खरी अडचण कागदपत्रांच्या यादीत आहे. ‘ओळखीचा पुरावा (किमान १)’ असं शीर्षक आणि खाली पॅन कार्ड, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार कार्ड, वाहन चालक अनुज्ञप्ती, रोहयो जॉब कार्ड अशी क्रमांकवार रांग. मग ‘पत्त्याचा पुरावा (किमान १)’ आणि पुन्हा तशीच रांग. मोठ्यानं वाचून दाखवताना कंसातलं ‘किमान १’ सुटतं आणि ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त कागदांची नावं पडतात. आकडे घालून लिहिलेली यादी माणूस ‘हे सगळं हवं’ अशीच वाचतो. पासपोर्ट नाही म्हणून दाखला मिळणार नाही, असा समज अशाच यादीतून होतो. ‘यांपैकी कोणतंही एक आणा’ हे पूर्ण वाक्य यादीच्या वर, कंसाबाहेर हवं, आणि यादीला क्रमांक नकोत.

उत्पन्नाच्या पुराव्याचं तसंच. यादी कागदानुसार लावली आहे : आयकर विवरणपत्र, मंडळ अधिकाऱ्याचा पडताळणी अहवाल, पगार असल्यास फॉर्म १६, निवृत्तिवेतनधारकांसाठी बँकेचं प्रमाणपत्र, जमीनमालक असल्यास सातबारा, आठ-अ आणि तलाठी अहवाल. माहिती बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला आधी स्वतःला शोधायचं असतं, कागद नंतर. हीच माहिती माणसानुसार लावली की अशी दिसते :

तुमच्या नावावर शेती असेल तर : सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल.
पगार मिळत असेल तर : फॉर्म १६.
पेन्शन मिळत असेल तर : बँकेचं प्रमाणपत्र.
आयकर भरत असाल तर : आयकर विवरणपत्र.
यांपैकी काहीच लागू नसेल, मजुरी करत असाल तर : मंडळ अधिकाऱ्याचा पडताळणी अहवाल.

पाचच ओळी आणि प्रत्येकाला आपली एकच वाचावी लागते. यात क्रमही आला पाहिजे. तलाठ्याचा अहवाल अर्जाला जोडायचा कागद आहे, म्हणजे तो आधी आणावा लागतो. ‘अर्ज करण्यापूर्वी तलाठ्याकडून अहवाल घ्या’ ही पहिली पायरी म्हणून वेगळी लिहिली नाही, तर माणूस थेट केंद्रावर येतो आणि अर्धा अर्ज भरल्यावर परत पाठवला जातो.

इथे पदनामाचाही घोळ आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं तलाठ्याचं पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. विदर्भात जुनी माणसं अजून ‘पटवारी’च म्हणतात. म्हणजे पानावर एक नाव, दुसऱ्या पानावर दुसरं, तोंडात तिसरं. त्याच वर्षी ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, त्यामुळे ‘ग्राम’नं सुरू होणारे दोन अधिकारी एकमेकांत मिसळतात आणि माणूस तलाठी कार्यालयाऐवजी ग्रामपंचायतीत जाऊन बसतो. निदान काही वर्षं तरी ‘ग्राम महसूल अधिकारी (तलाठी, पटवारी)’ असं लिहायला हरकत नसावी.

फाइलच्या आकाराची अट स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे, कारण बरेचसे अर्ज इथेच अडकतात. फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच, ५ ते २० केबी. कागदपत्रं ७५ ते ५०० केबी. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही एमबीचा असतो, तो मोठा पडतो हे लोकांना समजतं. पण खालची मर्यादा कोणाच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपवरून दोन-तीनदा फिरून आलेल्या कागदाचा फोटो आक्रसून ७५ केबीच्या खाली जातो आणि नाकारला जातो. शिवाय अक्षरं फुटलेली असतात, म्हणजे पुढे अधिकारीही परत पाठवणार. त्यामुळे व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, ‘फोटो’ म्हणून नाही. हा आकार फाइल चढवण्याच्या पायरीवर कळून उपयोग नाही. कागदपत्रांच्या यादीतच, अर्ज सुरू होण्याआधी, तो लिहिलेला हवा. म्हणजे घरून निघतानाच फाइल तयार असते.

आणि १५ दिवस कधीपासून मोजायचे? सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला अर्ज पोचला त्या दिवसापासून. ही ओळ तक्त्यात आकड्याच्या अगदी शेजारी असायला हवी. अर्धवट अर्ज टाकून माणूस सोळाव्या दिवशी हक्कानं विचारायला जातो आणि तेव्हा कळतं की मोजणी सुरूच झाली नव्हती. मुदत खरोखर उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील आणि त्यावर राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे. तक्त्यात अपिलाची पदं आहेत, पण माणसानं काय करायचं याचं क्रियापद तिथे नाही. ‘१५ दिवसांत दाखला मिळाला नाही तर पुढच्या ३० दिवसांत तक्त्यातल्या पहिल्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करा’ हे एक वाक्य त्या तीन रकान्यांपेक्षा जास्त काम करेल.

सातबारा : मोफत उतारा आणि १५ रुपयांचा उतारा

भूलेखवर सातबारा मोफत पाहता येतो. डिजिटल सहीचा उतारा वेगळ्या वेबसाइटवर, एका उताऱ्याला १५ रुपये. दोन्हींच्या वेब पत्त्यात ‘महाभूमी’ हा शब्द आहे, दोन्हींवर जिल्हा-तालुका-गाव निवडायचं आहे, दोन्हींतून निघणारा कागद पाहायला सारखाच. फरक एवढाच की मोफत उतारा फक्त माहितीसाठी असतो. तो छापून बँकेत नेला तर बँक परत पाठवते, आणि त्यात बँकेची काही चूक नसते. म्हणून भूलेखच्या पहिल्या पडद्यावर, जिल्हा निवडण्याच्याही आधी, ठळक दोन ओळी हव्यात : ‘हा उतारा फक्त पाहण्यासाठी आहे. बँक, कर्ज, अनुदान किंवा कोर्टासाठी डिजिटल सहीचा उतारा काढा : १५ रुपये.’ मागोमाग थेट लिंक. खालची बारीक सूचना कोणी वाचत नाही. शोधलेला उतारा समोर आल्यावर तर नाहीच नाही, कारण वाचणाऱ्याचं काम त्याच्या मते झालेलं असतं.

शोधण्याच्या रकान्याशेजारी एक उदाहरण असतं तर अर्ध्या तक्रारी मिटल्या असत्या. सातबाऱ्यावर ४५/२ असा क्रमांक असतो आणि माणूस तो तसाच टाकतो. टाकायचं फक्त ४५, मग ‘शोधा’ दाबायचं आणि खाली उघडणाऱ्या यादीतून ४५/२ निवडायचा. ही पद्धत वाईट नाही, पण ती सांगावी लागते. ‘उदा. ४५/२ साठी फक्त ४५ लिहा’ एवढंच पुरे.

नावानं शोधण्याची सोय उत्तम आहे. वारसांना गट नंबर माहीत नसतो तेव्हा तिचाच आधार असतो. मात्र नोंदी जशा लिहिल्या गेल्या तशाच सापडतात. राऊत आणि राउत, उईके आणि उइके, ही यंत्राच्या दृष्टीनं वेगवेगळी नावं आहेत. एका ऱ्हस्व-दीर्घामुळे ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं की लोकांना वाटतं वावर नावावरून गेलं. घाबरलेला माणूस थेट तहसीलीत पोचतो. निकाल शून्य आला की तिथेच ‘नाव दुसऱ्या पद्धतीनं लिहून पाहा, किंवा फक्त आडनाव टाका’ असं सुचवणं हे मजकूर लिहिणाऱ्याचं काम आहे. सॉफ्टवेअर बदलायची गरज त्याला नाही.

कॅप्चा हा दृष्टिहीन माणसासाठी बंद दरवाजाच आहे. चित्रातली वाकडी अक्षरं टॉकबॅक किंवा एनव्हीडीए असे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं, वाचू शकत नाहीत. ऐकू येणारा पर्याय किंवा ओटीपी, दोन्हींपैकी एक असलंच पाहिजे. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यालाही ती अक्षरं लागत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

जिल्ह्याची वेबसाइट : साचा सुगम, आत स्कॅन

जिल्हा प्रशासनाच्या वेबसाइट आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस३वास या एकाच साच्यावर आहेत. साचा चांगला आहे. अक्षर मोठं-लहान करता येतं, गडद रंगसंगती निवडता येते, मराठी-इंग्रजी बदलता येतं, मोबाइलवर पान नीट बसतं. प्रत्येक फाइलपुढे तारीख आणि एमबीतला आकार दिसतो. नेट कमी असलेल्या गावात हा आकार दिसणं फार उपयोगाचं आहे, कारण १२ एमबीची फाइल उघडायची की केंद्रावर जायचं, हे आधीच ठरवता येतं.

मग ‘प्रवेशयोग्य आवृत्ती : पहा’ यावर बोट ठेवलं की बऱ्याचदा उघडतो तो स्कॅन केलेला कागद. सही-शिक्क्याचा, थोडा तिरका, राखाडी. लिंकवर प्रवेशयोग्य लिहिलंय म्हणून चित्राचा मजकूर होत नाही. तपासायला काही अवजार लागत नाही. फाइल उघडून एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निळा होऊन निवडला गेला तर मजकूर आहे, नाही तर फोटो आहे. फोटो स्क्रीन रीडर वाचत नाही, शोधात सापडत नाही, मोबाइलवर मोठा केला की ओळ पडद्याबाहेर जाते. सहीची प्रत ठेवायची तर ठेवा, पण तिच्या शेजारी तोच मजकूर साध्या पानावर टाका. टाइप करणाऱ्याकडे मूळ फाइल असतेच. ती छापून, सही घेऊन, पुन्हा स्कॅन करण्यात मजकूर हरवतो. वर्डमधून थेट पीडीएफ केली तर तो टिकतो.

फॉन्टचं मात्र पाहावं लागतं. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी चिन्हंच असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोड वापरलं तरी एक बारीक खड्डा उरतो तो ‘शेतकऱ्यांना’मधल्या ऱ्यचा. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो : खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. दिसायला दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. एका कार्यालयानं पहिला वापरला आणि नागरिकाच्या कीबोर्डनं दुसरा दिला, की ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधूनही काही सापडत नाही. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर एकच इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठेवला की निदान कार्यालयाच्या मजकुरात तरी हा ऱ्य एकसारखा राहतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवलेली आहे का, हेही बघावं. ती इंग्रजी राहिली तर वाचक यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला घेतं किंवा गप्प बसतं.

आता भाषा. सूचनांचा ठरलेला नमुना असा असतो : ‘सर्व संबंधित लाभार्थ्यांना सूचित करण्यात येते की, त्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित नमुन्यातील अर्ज विहित मुदतीत संबंधित कार्यालयात सादर करावेत.’ वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे. पण कोणते लाभार्थी? कोणती कागदपत्रं? नमुना कुठे मिळतो? मुदत कधी संपते? कार्यालय कोणतं? पाच प्रश्न आणि पाचही अनुत्तरित. ‘आवश्यक’, ‘विहित’ आणि ‘संबंधित’ हे तीन शब्द जिथे दिसतील तिथे मजकूर लिहिणाऱ्यानं थांबून खरी माहिती भरावी. ती भरली की हीच सूचना अशी होते :

‘तुम्हाला निराधार योजनेचे पैसे मिळतात का? मग ३१ मार्चपर्यंत हयातीचा दाखला द्या. सोबत आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स आणा. कुठे : तहसील कार्यालय, संजय गांधी योजना शाखा. अर्जाचा कागद तिथेच मोफत मिळेल.’

तारीख आणि कागद प्रत्येक तहसीलीनं आपले घालावेत. वाक्याचा बांधा महत्त्वाचा. एका वाक्यात एक काम, ‘तुम्ही’ म्हणून थेट बोलणं, आणि ‘करण्यात यावे’ऐवजी कोण करणार ते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळात कोलामी घरी बोलणारे असंख्य लोक मराठी दुसरी भाषा म्हणून वाचतात. चार ओळींच्या वाक्याचं क्रियापद शेवटी येईपर्यंत सुरुवात हातातून सुटते. ‘वि.प्र.’, ‘उ.वि.अ.’, ‘सं.गां.नि.यो.’ असे संक्षेप तर यंत्राला धड उच्चारता येत नाहीत आणि माणसाला उलगडत नाहीत. तारीख ०५/०६ अशी न लिहिता ‘५ जून’ लिहावी.

हे सगळं कोणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, जीआयजीडब्ल्यू ३.०, २०२३ पासून आहेत आणि ती डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीवर बेतलेली आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्या तत्त्वांतल्या काही अटी अशा : अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक, पाच सेकंदांपेक्षा जास्त सरकणारा मजकूर थांबवता येण्याची सोय, चित्राला मजकुराचा पर्याय. पहिल्या पानावरची पळती पट्टी यातल्या दुसऱ्या अटीवरच अडते, आणि मोठ्यानं वाचणाऱ्याला तर ती वाचताच येत नाही.

सर्वांत जास्त चकरा होतात त्या जुन्या सूचनांमुळे. पानाच्या तळाशी ‘शेवटचे अद्यावत’ म्हणून जी तारीख असते ती पूर्ण वेबसाइटची असते, त्या सूचनेची नाही. कालची तारीख पाहून माणूस मुदत संपलेल्या योजनेचा अर्ज भरून घेऊन जातो. प्रत्येक सूचनेची पहिली ओळ ‘अर्ज १५ जुलैपर्यंत सुरू’ अशी असावी आणि १६ जुलैला त्याच ओळीत ‘अर्ज बंद झाले’ असं लिहावं. सूचना काढून टाकू नये, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारी तिची लिंक पुढे महिनाभर लोक उघडत राहतात, आणि उघडल्यावर त्यांना ‘बंद झाले’ हेच दिसलं पाहिजे.